आकड्यांचा ताळा: स्प्रेडशीटच्या चुका आणि प्रोग्रॅमिंगची किमान साक्षरता

इंग्लंडमधील शाळांत मुलांना काय शिकवावे, याचा फेरविचार सध्या सुरू आहे. प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासक्रम आढाव्याचा अंतिम अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘कॉम्प्युटर सायन्स’ हा जीसीएसईचा विषय अरुंद आहे, त्याच्या जागी संगणनाचा अधिक व्यापक विषय यावा, ही त्यातील एक महत्त्वाची शिफारस. सरकारने ती उचलून धरलीच, शिवाय सोळा ते अठरा वयोगटासाठी विदाविज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांतील नव्या पात्रतेची शक्यता तपासत असल्याचेही जाहीर केले. सुधारित अभ्यासक्रम सप्टेंबर २०२८ पासून वर्गात येणे अपेक्षित आहे. म्हणजे आज प्राथमिक शाळेत असलेली आपली मुले या बदलाच्या पहिल्या लाटेत असतील.

यावरची चर्चा मात्र नेहमीच्याच दोन टोकांमध्ये फिरते आहे. एका बाजूला ‘प्रत्येक मुलाला कोडिंग आलेच पाहिजे’ हा दहा वर्षांपूर्वीचा उत्साह. दुसऱ्या बाजूला ‘आता यंत्रच कोड लिहिते, मग शिकायचे कशाला’ ही नवी निश्चिंती. दोन्ही बाजू एक साधा प्रश्न विचारायला विसरतात: ज्याला पुढे संगणक अभियंता व्हायचे नाही, त्या परिचारिकेला, लेखापालाला, नगरपालिकेतील कारकुनाला, भूगोलाच्या शिक्षकाला प्रोग्रॅमिंग कशासाठी हवे? खेळ किंवा ॲप तयार करण्यासाठी तर नव्हे. ते हवे आकडेवारी नीट हाताळण्यासाठी, तिचा आलेख काढण्यासाठी, आणि मुख्य म्हणजे केलेल्या कामाचा ताळा करण्यासाठी. हा मुद्दा तात्त्विक वाटत असेल, तर गेल्या काही वर्षांत याच देशात घडलेल्या तीन घटना आठवून पाहाव्यात.

६५,५३६ ओळींची भिंत

२०२० सालचा सप्टेंबर अखेरीस आला होता आणि इंग्लंडमध्ये करोनाची दुसरी लाट चढत होती. खासगी प्रयोगशाळांकडून चाचण्यांचे निकाल साध्या मजकुराच्या फायलींत येत आणि ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या तत्कालीन संस्थेत त्या एक्सेलच्या साच्यांत भरल्या जात. हे साचे जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपाचे होते. त्या स्वरूपात एका पानावर जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. दोनाचा सोळावा घात म्हणजे हीच संख्या. एका रुग्णाच्या निकालाला अनेक ओळी लागत असल्याने एका साच्यात सुमारे चौदाशे रुग्णच बसत. रुग्णसंख्या वाढली तशी फाइल भरली, आणि पुढच्या ओळी कोणतीही सूचना न देता गळून पडल्या.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून निसटली. या लोकांना आपला निकाल कळला होता. परंतु त्यांच्या संपर्कात कोण आले, याचा शोध घेणाऱ्या यंत्रणेपर्यंत त्यांची नावे वेळेवर पोचलीच नाहीत. वॉरिक विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ थिएमो फेट्झर आणि त्यांचे सहसंशोधक थॉमस ग्रेबर यांनी पुढे या विलंबाचा अभ्यास केला. संपर्कशोध हुकल्यामुळे झालेले जादा संसर्ग सव्वा लाखाहून अधिक आणि जादा मृत्यू पंधराशेहून अधिक असावेत, असा त्यांचा अंदाज होता. अंदाजाच्या आकड्यांवर वाद होऊ शकतो. पण चूक कोणत्या प्रतीची होती, यावर वाद होण्याचे कारण नाही. ‘आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या’ एवढे विचारणारी एक सूचना त्या साखळीत कुठेही असती, तर पहिल्याच दिवशी घंटा वाजली असती.

लपलेल्या पानाची किंमत

दुसरी घटना ऑगस्ट २०२३ मधली. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाकडे माहितीच्या अधिकारात एक साधा प्रश्न आला होता: कोणत्या हुद्द्यावर किती कर्मचारी आहेत? उत्तर म्हणून एक एक्सेल फाइल संकेतस्थळावर चढवली गेली. दिसणाऱ्या पानावर बेरजा होत्या. त्यामागे लपलेल्या दुसऱ्या पानावर मात्र ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती. ज्या प्रदेशात पोलिसाची ओळख उघड होणे हा आजही जिवाशी खेळ ठरू शकतो, तिथे ही फाइल काही तास सर्वांसाठी खुली राहिली. माहिती आयुक्तालयाने पुढे दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला.

तिसरी घटना त्याहून दाहक आहे. ब्रिटिश फौजांबरोबर काम केलेल्या आणि तालिबानच्या सूडाच्या भीतीने आश्रय मागणाऱ्या अफगाण नागरिकांची यादी फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्याकडून चुकून बाहेर गेली. पाठवणाऱ्याची समजूत होती की, आपण मोजक्या अर्जदारांची नावे पाठवतो आहोत. फाइलमध्ये प्रत्यक्षात सुमारे १८,७०० अर्जदारांचा तपशील होता. हे प्रकरण न्यायालयाच्या कडक मनाई आदेशाखाली झाकलेले राहिले आणि देशाला ते कळले जुलै २०२५ मध्ये. दरम्यान हजारो माणसांना गुपचूप ब्रिटनमध्ये आणण्याची योजना सरकारला राबवावी लागली.

या तिन्ही घटनांत कोणीही दुष्ट नव्हते आणि कोणी फारसे निष्काळजीही नव्हते. सगळे जण आपापले काम घाईत, पण प्रामाणिकपणे करत होते. त्यांच्या हातातले साधन असे होते की, ते काय दाखवते आणि प्रत्यक्षात त्यात काय साठवलेले आहे, यांतला फरक डोळ्यांना दिसत नव्हता. फाइल उघडून नजर फिरवणे हीच त्यांची तपासणी होती, आणि नजरेला साठ हजार ओळी मोजता येत नाहीत.

चूक सापडण्यासाठी पायऱ्या दिसाव्या लागतात

आकडेवारीच्या चुका केवळ कार्यालयांत होतात असे नाही, विद्यापीठांतही होतात. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. देशावरचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ कोसळते, असे त्यातून दिसत होते. काटकसरीच्या धोरणाचे समर्थन करणाऱ्यांनी या निष्कर्षाचा भरपूर वापर केला. ब्रिटनचे पुढे अर्थमंत्री झालेले जॉर्ज ऑस्बर्न यांनीही त्याच वर्षीच्या आपल्या एका गाजलेल्या व्याख्यानात या जोडीच्या संशोधनाचा आधार घेतला होता.

२०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने तो निष्कर्ष पुन्हा काढून पाहण्याचा प्रयत्न केला. उत्तर जुळेना. अखेर मूळ लेखकांनीच आपली स्प्रेडशीट त्याला दिली आणि कोडे उलगडले. सरासरीच्या सूत्रात पाच ओळी कमी धरल्या गेल्या होत्या. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे वर्णक्रमाने पहिले पाच देश गणितातूनच गळाले होते. इथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, अंतिम फरकात या चुकीचा वाटा लहान होता. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि देशांना दिलेला भार यांचा वाटा मोठा होता. सर्व दुरुस्त्या केल्यावर अति-कर्जदार देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून अधिक २.२ टक्क्यांवर आली. मूळ लेखकांनी सूत्राची चूक मान्य केली, निष्कर्षाचा गाभा मात्र सोडला नाही. आपल्या दृष्टीने धडा वेगळाच आहे. लेखकांनी फाइल देण्याचा मोठेपणा दाखवला म्हणून चूक तीन वर्षांनी तरी सापडली. पायऱ्या पहिल्या दिवसापासून उघड असत्या, तर ती कदाचित तीन दिवसांत सापडली असती.

जनुकशास्त्रातले उदाहरण तर जवळजवळ विनोदी आहे. काही जनुकांची इंग्रजी संक्षिप्त नावे ‘मार्च १’ किंवा ‘सेप्ट १’ अशी होती. एक्सेल ती तारखा समजून आपोआप बदलून टाकी. एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने हार मानली आणि जनुकांचीच नावे बदलली. साधनाने माणसाला वाकवले, ते असे.

रोजकीर्द आणि खतावणी

हे सगळे वाचून ‘एक्सेल वाईट’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. घरखर्चाचा हिशेब, मंडळाच्या गणेशोत्सवाची वर्गणी, चार स्तंभांची यादी यांसाठी स्प्रेडशीटसारखे सोयीचे दुसरे साधन नाही. प्रश्न साधनाच्या स्वभावाचा आहे. स्प्रेडशीटमध्ये आकडे समोर दिसतात आणि त्यांच्यावर केलेली क्रिया खान्यांच्या मागे दडते. प्रोग्रॅममध्ये नेमके उलट असते: क्रिया ओळीने लिहिलेली दिसते आणि मूळ आकडे त्यांच्या जागी अबाधित राहतात.

आपल्याकडच्या जुन्या पेढीवरचा मुनीम हा फरक लगेच ओळखेल. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा, त्या क्रमाने लिहायचा. त्यावर खाडाखोड नाही. मग रोजकीर्दीवरून खतावणी. दिवसाअखेरीस शिल्लक जुळली नाही, तर दिवा लावून पुन्हा पहिल्या ओळीपासून बसायचे. खतावणीतला आकडा बोटाने पुसून ‘दुरुस्त’ करणारा कारकून पेढीवर टिकत नसे. आकडेवारीसाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम म्हणजे हीच शिस्त. मूळ फाइलला हात लावायचा नाही. कोणती ओळ का वगळली, कोणता आकडा कसा बदलला, हे लिहून ठेवायचे. आणि कोणीही, कधीही, त्याच मूळ फाइलपासून त्याच उत्तरापर्यंत पोचले पाहिजे.

ब्रिटिश सरकारच्या सांख्यिकी विभागांनी ही गोष्ट ओळखली आहे. हाताने चिकटवाचिकटव करून अहवाल तयार करण्याऐवजी संपूर्ण प्रक्रिया कोडमध्ये लिहिण्याची चळवळ तिथे २०१७ च्या सुमारास सुरू झाली. आरोग्यसेवेतील विदाच्या वापराविषयी बेन गोल्डेकर यांनी एप्रिल २०२२ मध्ये सादर केलेल्या अहवालानेही हाच आग्रह धरला. म्हणजे वरच्या मजल्यावर काय करायचे ते ठाऊक आहे. अडचण ही की, ज्या लाखो सामान्य नोकऱ्यांतून ही आकडेवारी जन्माला येते, तिथल्या माणसांना हे कोणी शिकवलेलेच नाही.

कोडमध्ये चुका होत नाहीत, असेही मानू नये. टाळेबंदीच्या निर्णयामागे असलेल्या इम्पीरियल कॉलेजच्या साथ-प्रतिमानाचा मूळ प्रोग्रॅम हजारो ओळींचा आणि जवळजवळ टिपणांविना लिहिलेला होता. त्यावर सडकून टीका झाली. पण तो प्रोग्रॅम खुला करण्यात आला, केंब्रिजमधील एका संशोधकाने तो स्वतंत्रपणे चालवला आणि अहवालातले निकाल पुन्हा मिळतात, हे तपासून सांगितले. लिहिलेल्या गोष्टीवर निदान वाद घालता येतो. माउसच्या विसरलेल्या टिचकीवर तो घालता येत नाही.

किमान किती शिकावे?

भीती बहुतेकांना इथे वाटते. प्रोग्रॅमिंग म्हटले की वर्षानुवर्षांचा अभ्यास डोळ्यांसमोर येतो. आकडेवारी हाताळण्यापुरते शिकायला तेवढे लागत नाही. एका खऱ्या फाइलवर काम केले की काय लागते ते स्पष्ट होते.

ब्रिटनचे हवामान खाते, म्हणजे मेट ऑफिस, जुन्या वेधशाळांच्या मासिक नोंदी सर्वांना विनामूल्य देते. ऑक्सफर्डची फाइल जानेवारी १८५३ पासून सुरू होते. १८५७ च्या उठावाच्याही आधीपासून. साधा मजकूर आहे: वर्ष, महिना, सरासरी कमाल तापमान, सरासरी किमान तापमान, दंवाचे दिवस, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि सूर्यप्रकाशाचे तास. ‘ऑक्सफर्डमध्ये दीडशे वर्षांत तापमान किती बदलले’ हा प्रश्न घेऊन बसले, तर पायऱ्या अशा पडतात.

पहिली पायरी, फाइल वाचणे. सुरुवातीच्या काही ओळींत ठिकाणाची माहिती व स्तंभांची नावे आहेत. त्या वगळायला सांगावे लागते. दुसरी, चिन्हे समजून घेणे. जिथे नोंद नाही तिथे तीन आडव्या रेघा आहेत, अंदाजे धरलेल्या आकड्यापुढे तारका आहे, आणि अलीकडच्या महिन्यांपुढे ‘तात्पुरते’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. संगणकाला हे आपोआप कळत नाही. तारका काढून टाक आणि रेघांना ‘गहाळ’ समज, असे स्पष्ट सांगावे लागते.

इथेच आकडेवारीतला सर्वांत मोठा धडा मिळतो: गहाळ म्हणजे शून्य नव्हे. समजा, दहा वर्षांतल्या जुलै महिन्यांचे कमाल तापमान दरवर्षी २२ अंश होते आणि त्यातील एका वर्षाची नोंद हरवली. ती वगळली तर सरासरी २२ च राहते. तिच्या जागी शून्य पडले तर नऊ गुणिले बावीस, म्हणजे १९८, भागिले दहा, सरासरी १९.८. एका रिकाम्या खान्याने ऑक्सफर्डचा उन्हाळा दोन अंशांहून अधिक थंड केला!

तिसरी पायरी, गटवारी: बारा महिन्यांचे आकडे वर्षवार एकत्र करून सरासरी घेणे. इथे ताळा असा की, प्रत्येक वर्षाच्या बारा ओळी आहेत का, ते मोजायचे. चालू वर्षाच्या पाचच ओळी असतील, तर त्या वर्षाचा एकूण पाऊस आलेखावर दुष्काळासारखा दिसेल. चौथी पायरी, आलेख काढणे. पाचवी, हे सगळे जिथे लिहिले त्या पानावरच आपण काय केले आणि का केले, हे साध्या भाषेत टिपून ठेवणे.

यासाठी लागणाऱ्या संकल्पना बोटांवर मोजण्याइतक्या आहेत: आकड्याला नाव देणे म्हणजे चल, एकच काम पुन्हा पुन्हा करणे म्हणजे आवर्तन, अट घालणे, वर्गवारी करणे, दोन तक्ते जोडणे आणि रेखाटणे. साधने तर फुकट आहेत. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेली पायथॉन, किंवा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी खास संख्याशास्त्रासाठी घडवलेली आर, या दोन भाषांपैकी कोणतीही एक पुरे. पायथॉनमध्ये तक्ते हाताळण्यासाठी ‘पांडाज’ आणि आलेखांसाठी ‘मॅटप्लॉटलिब’ ही तयार संचसाधने आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणारा प्रौढ माणूस काही महिन्यांत वरचे उदाहरण स्वतः करू शकतो. अट एकच: पुस्तकातल्या कृत्रिम तक्त्यावर न थांबता स्वतःला कुतूहल असलेली खरी, अस्ताव्यस्त फाइल घ्यावी.

आलेख आधी, निष्कर्ष नंतर

आलेख ही सजावट नव्हे, ती तपासणी आहे. रेषालेख आणि स्तंभालेख रूढ करणाऱ्या विल्यम प्लेफेअर यांचा ग्रंथ १७८६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आकड्यांना डोळे मिळाले. १९७३ मध्ये फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार छोटे तक्ते मांडले. चारही तक्त्यांची सरासरी, विचलन आणि सहसंबंध जवळजवळ तंतोतंत सारखे. आलेख काढला की मात्र एक सरळ रेषेजवळचा, दुसरा कमानीसारखा, तिसरा एका भरकटलेल्या बिंदूमुळे कललेला आणि चौथ्यात सारा डोलारा एकाच बिंदूवर उभा. सरासरी सांगून थांबणाऱ्याला हे चार वेगवेगळे जग कधीच दिसणार नाही.

ज्याने स्वतः चार आलेख काढले, तो दुसऱ्याच्या आलेखाला फसत नाही. उभा अक्ष शून्याऐवजी पन्नासपासून सुरू केला की स्तंभांतला क्षुल्लक फरक डोंगराएवढा होतो, हे त्याने करून पाहिलेले असते. निवडणुकीच्या काळात प्रचारपत्रके आणि समाजमाध्यमे अशा स्तंभांनी भरून वाहतात. नागरिकाच्या हाती यापेक्षा मोठे शस्त्र नाही.

यंत्र लिहिते, मग माणसाने काय करावे?

आता निश्चिंतीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ऑक्सफर्डच्या फाइलसाठी अर्ध्या मिनिटात प्रोग्रॅम लिहून देतात, आणि तो बहुधा चालतो. मग वरच्या पाच पायऱ्या शिकण्यात अर्थ काय?

अर्थ ‘बहुधा’ या शब्दात आहे. चालणारा प्रोग्रॅम आणि बरोबर उत्तर देणारा प्रोग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन रेघांच्या जागी शून्य टाकणारा प्रोग्रॅमही विनातक्रार चालतो आणि सुबक आलेख काढतो. २०२० च्या त्या साच्यांनीही तक्रार केली नव्हती. किती ओळी अपेक्षित आहेत, कोणता आकडा अशक्य आहे, दोन तक्ते जोडताना कोणत्या ओळी गळल्या, हे प्रश्न विचारणे माणसाचे काम आहे. आणि हे प्रश्न त्यालाच सुचतात, ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने ते काम केले आहे. गणकयंत्र आल्यावर पाढे पाठ करण्याचा आग्रह कमी झाला, ते ठीकच. पण उत्तर दहापटीने चुकले आहे, हे ओळखण्याचा अंदाज ज्याला नाही, त्याच्या हातातले गणकयंत्र धोकादायकच.

उलट, यंत्रामुळे शिकणे सोपे झाले आहे, हेही मान्य केले पाहिजे. स्वल्पविराम चुकला म्हणून तासन्‌तास अडकून पडण्याचे दिवस सरले. वाचलेला तो वेळ तपासणीसाठी वापरायचा की डोळे मिटून निकाल पुढे ढकलण्यासाठी, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो.

मराठी घरांचा या प्रश्नाशी संबंध

इथल्या मराठी कुटुंबांत माहिती-तंत्रज्ञान नवे नाही. परंतु त्या कौशल्याकडे आपण बहुधा नोकरीचे साधन म्हणूनच पाहिले. आकडेवारीची आपली परंपरा त्याहून उदार आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आणि परत जाऊन त्यांनी शेतातल्या उत्पन्नाचा अंदाज यादृच्छिक पीककापणी प्रयोगांनी कसा काढावा, याची पद्धत भारतात रुजवली. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजमधून डॉक्टरेट घेऊन पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभारायला परतले. त्या दोघांसाठी आकडा हा शेतकऱ्याच्या कणगीतला आणि माणसाच्या ताटातला होता.

आज दूर राहूनही महाराष्ट्राची आकडेवारी आपल्याला घरबसल्या पाहता येते, आणि तिथेही हीच सावधगिरी लागते. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या, शाळा किंवा दवाखाने यांचा वीस वर्षांचा आलेख काढला, तर २०१४ नंतर अचानक कडा कोसळलेला दिसेल. ठाण्यात कोणतेही संकट आले नव्हते; १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जुन्या तक्त्यातले उस्मानाबाद आणि नव्या तक्त्यातले धाराशिव, किंवा अहमदनगर आणि अहिल्यानगर, ही माणसासाठी एकाच जिल्ह्याची नावे आहेत. संगणकासाठी ते दोन वेगळे जिल्हे. नावावरून तक्ते जोडले तर ते जिल्हे मुकाट्याने गळतात, अगदी एक्सेलमधल्या त्या ओळींसारखे. म्हणून नावाऐवजी जिल्ह्याचा ठरलेला सांकेतिक क्रमांक वापरावा आणि जोडणीनंतर जिल्हे मोजावेत. ज्याला महाराष्ट्र माहीत आहे, त्यालाच हा सापळा दिसेल. विषयाचे ज्ञान आणि प्रोग्रॅमिंग यांची गाठ पडावी लागते, ती इथे.

भाषेचा अडसरही आपण समजतो तेवढा नाही. पायथॉनच्या आजच्या आवृत्त्यांत चलांना ‘पाऊस’, ‘सरासरी’ अशी देवनागरी नावे देता येतात, आणि देवनागरी अंकांत लिहिलेली संख्याही ती भाषा संख्या म्हणून वाचते. रविवारच्या मराठी शाळेत एखाद्या तासाला सातारा किंवा रत्नागिरीच्या पावसाचा आलेख मुलांनी काढला, तर भाषा, भूगोल आणि गणित यांचा त्रिवेणी संगम एकाच तासात होईल.

अपेक्षा कोणत्या?

नव्या अभ्यासक्रमाकडून तीन अपेक्षा रास्त आहेत. पहिली, विदा हाताळणे हा केवळ संगणनाचा कोपरा न राहता भूगोल, विज्ञान आणि इतिहास यांच्या वर्गांत यावा. दुसरी, त्याचे मूल्यमापन कागदावर कोड लिहून घेऊन न होता, संगणकापुढे बसून अस्ताव्यस्त फाइल साफ करण्यातून व्हावे. तिसरी आणि सर्वांत अवघड, शिक्षकांना त्यासाठी वेळ मिळावा. २०१४ मध्ये संगणन हा विषय देशभर सक्तीचा झाला, तेव्हा अभ्यासक्रम आधी आला आणि शिक्षकांची तयारी मागून. ती चूक पुन्हा परवडणार नाही. जीसीएसईच्या कॉम्प्युटर सायन्सला बसणाऱ्यांत मुलींचे प्रमाण अजूनही जेमतेम एक पंचमांशाच्या आसपास आहे. विषयाचा भर यंत्राच्या पोटातल्या रचनेवरून माणसांच्या प्रश्नांकडे सरकला, तर हे चित्र पालटण्याची आशा आहे.

शाळा सुधारेपर्यंत थांबण्याचे कारण मात्र कोणालाच नाही. कार्यालयातून एखादी यादी ई-मेलने पाठवण्यापूर्वी तिच्यात नेमक्या किती ओळी आहेत आणि मागे कोणते पान लपले आहे का, हे मोजणारी माणसे वाढली, तरी पुष्कळ काही वाचेल. बेलफास्टमधल्या पोलिसांची कुटुंबे आणि काबूलमध्ये लपून बसलेले दुभाषे यांना त्या एका मोजणीचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ताळा करण्याची सवय आपल्या आज्या-पणज्यांच्या पाटीवरही होती. नव्या पाटीवर ती पुन्हा गिरवायची आहे.